दिवाळीची खरेदी, खोक्यांची देवाणघेवाण आणि त्याला पर्याय (ठाणे–नवी मुंबई)

नौपाडेकर

दरवर्षी वसुबारसेच्या सुमाराला इथे 'अमक्यांना काय द्यावं' असे सुटे प्रश्न पडतात. तोवर एकच उत्तर उरलेलं असतं: गोखले रोडला जा आणि हाताला लागेल ते खोकं उचला. म्हणून यंदा धागा आधीच काढतोय.

दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवस मिळतात. बचत गटाचा फराळ, नाटकाची तिकिटं, दिवाळी अंकांचा संच, घरात चिठ्ठ्या टाकून भेटी, यातल्या प्रत्येकाला आगाऊ वेळ लागतो. सुकामेव्याच्या खोक्याला तेवढा लागत नाही, आणि त्याचा खप त्यावरच चालतो. तेव्हा कोजागिरीपर्यंत यादी पक्की करायची. यादीत तीन रकाने पुरतात: नाव, आपण का देतो (नातं, आभार की नुसती परतफेड), आणि गेल्या वर्षी दिलेलं त्यांनी वापरलं का. परतफेडीतली नावं सर्वात जास्त निघतात आणि कात्री तिथेच लावता येते.

कात्री कशी लावायची हा नाजूक भाग. दारात आलेलं खोकं नाकारता येत नाही, त्यामुळे निरोप आधी जायला हवा. सोसायटीच्या किंवा नात्यातल्या ग्रुपवर एवढं पुरे: 'या दिवाळीपासून आम्ही भेटवस्तू देणं-घेणं थांबवतोय. फराळाला मात्र नक्की या, आम्हीही येऊ.' उधळपट्टी, पर्यावरण, संस्कार असले शब्द त्यात घालू नका. समोरच्याला तो टोमणा वाटतो आणि हट्टाने दुप्पट मोठं खोकं येतं.

आता ज्याला ज्यातलं कळतं त्याने ते तपशिलात लिहा.

हिशेबनीस

घ्यायचंच असेल त्यांच्यासाठी आधी खोक्याचा हिशेब. सुकामेव्याच्या सजवलेल्या डब्याच्या तळाशी निव्वळ वजन छापलेलं असतं, ते वाचा. समजा चार कप्पे, एकूण २०० ग्रॅम, किंमत ६४९. म्हणजे किलोला ३,२४५ रुपये. मग वाशीच्या एपीएमसीतल्या (घाऊक बाजार समितीतल्या) मसाला मार्केटमध्ये त्याच बदाम-काजूचा सुटा भाव विचारा. मधला फरक म्हणजे मखमल, चुंबकाचं झाकण आणि सोनेरी रिबीन. काही डब्यांत कप्प्याखाली पुठ्ठ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे कप्पा भरलेला दिसतो.

मिठाई घेताना रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा. जाड पुठ्ठ्याचा डबा ८०-१०० ग्रॅमचा असू शकतो आणि मिठाईच्या भावाने पुठ्ठा विकणं वैधमापनाच्या नियमात बसत नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. खव्याची मिठाई साधारण चार दिवस, बंगाली मिठाई दोन दिवस. धनत्रयोदशीला घेतलेला पेढा भाऊबीजेला कुणाच्या घरी नेऊ नका.

आता 'नो कॉस्ट ईएमआय'. ३०,००० चा फोन, ५,००० चे सहा हप्ते, बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरा. बँक प्रत्यक्षात सुमारे २८,७३० रुपयांचं कर्ज लावते आणि उरलेले १,२७० व्याज. तेवढी सूट दुकान देतं म्हणून 'नो कॉस्ट'. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, तुमच्या कार्डावर येतो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावर जीएसटी धरून २३५. म्हणजे ४६४ रुपये गेलेच, शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा हातची जाते. वस्तू परत केली तरी ही फी सहसा परत येत नाही.

सेक्टर सतरा

हिशेबनीस, त्यात गिफ्ट कार्डांचं जोडतो, कारण 'काहीच सुचत नाही तर कार्ड द्या' हा सल्ला सगळेच देतात. बँकेने किंवा वॉलेट कंपनीने काढलेलं, अनेक दुकानांत चालणारं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येतं: जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं, पुन्हा पैसे भरता येत नाहीत, मुदत किमान एक वर्ष. एखाद्या दुकानाचं स्वतःचं, फक्त तिथेच चालणारं कूपन या नियमांच्या बाहेर असतं. मुदत, किमान खरेदी, सेलच्या मालावर चालतं की नाही, सगळं त्या दुकानाच्या मर्जीवर. मागची बारीक अक्षरं वाचूनच द्या.

ऑनलाइन सेलमध्ये 'फक्त २ शिल्लक', उलटी धावणारी घड्याळं, कार्टमध्ये आपोआप शिरलेला विमा किंवा दहा रुपयांची देणगी, यांना केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव देऊन मनाई आहे. असे तेरा प्रकार त्यात आहेत. स्क्रीनशॉट काढायचा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकायची.

खडाष्टक

सगळं ठीक. पण जांभळी नाक्यावरच्या छोट्या दुकानदाराचं वर्षाचं गणित या पंधरा दिवसांवर असतं. सगळ्यांनी असा वैराग्याचा झेंडा घेतला तर त्याने काय करायचं? आणि भेटवस्तू न देणं याला आपल्याकडे सरळ चिकटपणा म्हणतात, ते वेगळंच.

नौपाडेकर

@खडाष्टक, पणत्या, रांगोळी, उटणं, केरसुणी, बत्तासे, किराणा हे सगळं जांभळी नाक्यावरूनच घ्यायचं आहे. त्यात काही कपात नाही. कात्री लागतेय ती मॉलमधल्या हॅम्परला. आणि तिकडे जायचं तर मधल्या वारी सकाळी अकराच्या आत. शनिवार-रविवारी संध्याकाळी स्टेशनाकडून चालतही पुढे सरकता येत नाही. गाडी न्यायचीच असेल तर गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळात लावून चालत जा.

चिकटपणाचं म्हणाल तर घरकाम करणाऱ्या मावशींचा बोनस आधी पूर्ण द्या, मग बोला.

मीठमोहरी

तो मुद्दा आलाच आहे तर नीट लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

दिवाळीला 'एक पगार' ही रीत कुठून आली ते बघा: १९६५ च्या बोनस कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के होता, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. घरकामाला तो कायदा लागू नव्हता, पण माप तेच धरलं जातं. मावशी सहा महिन्यांपूर्वी लागल्या असतील तर अर्धा पगार. रोख, आणि वसुबारसेच्या आधी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाकीट दिलं तर त्यांच्या घरची खरेदी होऊन गेलेली असते, तीही उसने काढून. पगाराऐवजी साडी, मिठाई, घरात पडून राहिलेला डिनर सेट हे बोनसमध्ये धरायचं नाही. वरून द्यायचं तर द्या.

सोसायटीतल्या वॉचमन आणि सफाई कामगारांसाठी दारोदार वेगवेगळे पैसे देण्यापेक्षा एकच निधी करा. उदाहरणार्थ ८४ घरं, प्रत्येकी ३००, म्हणजे २५,२००. माणसं नऊ, प्रत्येकी २,८००. यादी करताना रात्रपाळीचा वॉचमन, सुट्टीच्या दिवशी येणारा बदली माणूस, जिने पुसणाऱ्या बाई आणि कचऱ्याच्या गाडीवरची माणसं हमखास सुटतात, कारण ती समितीच्या समोर दिसत नाहीत. वाटप एजन्सीच्या सुपरवायझरकडे सोपवू नका, ज्याच्या त्याच्या हातात द्या आणि सही घ्या. वर्गणी ऐच्छिक ठेवा. मेंटेनन्सच्या बिलात परस्पर घातली की पुढच्या सर्वसाधारण सभेत तासभर तोच विषय चालतो.

तिसरी घंटा

नाटकाचं तिकीट ही भेट म्हणून सुंदर, पण देताना चुकतं. प्रयोगाचं बुकिंग साधारण आठवडाभर आधीच उघडतं, त्यामुळे दिवाळीच्या तीन आठवडे आधी तिकीट हातात येणार नाही. म्हणून कार्डावर लिहून द्यायचं: 'दोन तिकिटं, तुम्ही सांगाल तो प्रयोग, डिसेंबरअखेरपर्यंत, न्यायला-आणायला आम्ही.' शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ज्येष्ठ माणसं नाटकाला जात नाहीत त्याचं कारण बरेचदा रात्री साडेअकराला रिक्षा मिळत नाही हेच असतं. गडकरी रंगायतन, घाणेकर किंवा वाशीचं भावे नाट्यगृह, कुठेही बाल्कनी घेऊ नका, जिने चढावे लागतात. मधल्या वाटेलगतच्या खुर्च्या बघा.

ऐरोलीकर

त्याच धर्तीवर लहान मुलांसाठी फ्लेमिंगोची बोटफेरी. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बोट ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटते. दिवाळीत जाऊ नका, पक्षी तेव्हा फारसे आलेले नसतात. जानेवारी ते मार्च धरा. फेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते आणि रोज बदलते, म्हणून भेटीच्या कार्डावर तारीख टाकायची नाही, महिना टाकायचा. टोपी आणि पाणी लागतं, आणि ड्रेसवर चिखलाचे डाग पडले तर घरी ओरडा बसणार नाही अशी हमी.

वामकुक्षी

पेन्शनर मंडळींसाठी एक भेट सुचवतो जिला दमडी लागत नाही: हयातीचा दाखला मोबाईलवरून काढून देणं. केंद्रीय पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो, ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएफची पेन्शन असेल तर वर्षात कधीही, आणि तिथून बारा महिने चालतो. दिवाळी साधारण याच दिवसांत येते आणि तेव्हा बँकेतल्या रांगा बघवत नाहीत.

लागतं काय: आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशावरचा), पेन्शन जमा होते त्या खात्याचा क्रमांक, आणि ओटीपीसाठी त्यांचा मोबाईल. फोनमध्ये दोन अॅप टाकायची, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. पहिल्याला स्वतंत्र चिन्ह दिसत नाही, ते मागच्या मागे चालतं, म्हणून 'डाउनलोडच झालं नाही' असं वाटून लोक तिथेच सोडतात. आधी ऑपरेटर म्हणून तुमचा आधार आणि चेहरा नोंदवायचा, मग पेन्शनरचा.

फसतं कुठे? चेहऱ्यामागे खिडकी असली की स्कॅन होत नाही. उजेड समोरून हवा, चष्मा काढायचा, मागे साधी भिंत. डोळे मिचकवायला सांगितलं की सावकाश मिचकवायचे. आधारवरचं नाव आणि पीपीओवरचं नाव वेगळं असेल तर दाखला तयार होतो पण पुढे नाकारला जातो. पेन्शन मंजूर करणारा विभाग आणि पेन्शन देणारी बँक हे दोन पर्याय यादीतून निवडताना सर्वाधिक चुका होतात. पीपीओची प्रत समोर ठेवूनच निवडा. शेवटी प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) येतो. तो वहीत लिहून ठेवा आणि आठवड्याने वेबसाइटवर स्थिती बघा. 'जनरेट झाला' म्हणजे 'स्वीकारला' असं नव्हे.

मीठमोहरी

@वामकुक्षी, हे वरच पिन करायला हवं.

फराळाबद्दल. बचत गटाकडून घेणार असाल तर कोजागिरीपर्यंत मागणी द्या. धनत्रयोदशीच्या आठवड्यात त्यांचे हात आणि गॅस दोन्ही पुरत नाहीत, मग चकली घाईत तळली जाते आणि आतून कच्ची राहते. एका घरासाठी चिवडा अर्धा किलो, चकली अर्धा किलो, शंकरपाळे पाव किलो, बेसनाचे लाडू अर्धा किलो आणि बारा करंज्या पुरतात. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आणि तारीख बघा.

परदेशी पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. ४० × ३० × २५ चं खोकं म्हणजे ६ किलो, आत माल चारच किलो का असेना. चिवडा आणि चकली जागा खातात, लाडू-शंकरपाळे-चिरोट्यांत लाडू सगळ्यात परवडतात. पोकळ जागेत चिवड्याच्या पिशव्या कोंबा. गरम असताना काहीही बंद करू नका. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि आठ दिवसांनी तिकडे मऊ चकली पोचते. करंजी सुक्या खोबऱ्याचीच. दूध-खव्याचं काही नको, कस्टममध्येही अडकतं.

ओ निगेटिव्ह

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं आणि ऑफिसं बंद, त्यामुळे रक्तदान शिबिरं होत नाहीत. डेंग्यूचे रुग्ण मात्र असतात. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणजे दसऱ्याला झालेल्या शिबिराचा भाऊबीजेला त्या बाबतीत उपयोग नाही. सोसायटीला काही 'द्यायचं' असेल तर पाडव्याच्या आसपास दहा-बारा जणांनी जवळच्या रक्तपेढीत जा, पण एकाच दिवशी लोंढा नको, दोन-तीन दिवसांत वाटून. आधी फोन करून कोणता गट कमी आहे ते विचारा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांनी तीन महिन्यांचं आणि स्त्रियांनी चार महिन्यांचं अंतर. उपाशीपोटी जाऊ नका. अभ्यंगस्नानानंतर फराळ करून गेलात तर उत्तम.

खडाष्टक

येऊरच्या आदिवासी पाड्यांवर फराळ वाटप राहिलं की. दरवर्षी फोटो येतात.

ऐरोलीकर

फोटो येतात तेच दुखणं. दिवाळीआधीच्या एकाच रविवारी पाच गट चिवडा-लाडू घेऊन पोचतात आणि जानेवारीत कोणी फिरकत नाही. द्यायचंच तर शिधा द्या: एका कुटुंबाला तांदूळ ५ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, पोहे अर्धा किलो, गूळ अर्धा किलो. आणि कधी, किती घरांना, हे तिथल्या अंगणवाडीत किंवा शाळेत विचारून. निम्मे पैसे जूनसाठी बाजूला ठेवले तर वह्या, दप्तर, छत्री यांना उपयोगी पडतात. जुने कपडे देणाऱ्यांनी धुवून, बटणं बघून, मुलांचे-मोठ्यांचे वेगळे गठ्ठे करून द्यावेत. फाटकं असेल त्याचं घरीच पोतेरं करा.

हिशेबनीस

भाऊबीजेच्या ओवाळणीचं कुणी काढलं नाही. तबकातली ओवाळणी बंद करायची नसते, त्यावर वाद नको. भाऊ-बहीण दोघं मिळवते असतील तर तबकात नाणं आणि उरलेली रक्कम बहिणीच्या नावाने एखाद्या संस्थेला. महर्षी कर्व्यांच्या स्त्री शिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी याच कल्पनेवर उभा आहे. पावती बहिणीच्या नावाची हवी असेल तर पैसेही तिच्याच खात्यातून जायला हवेत, नाहीतर करसवलतीत गोंधळ होतो. देणगीवरची प्राप्तिकराची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, रोख २,००० च्या वर दिले तर मिळत नाही, आणि वस्तूरूप देणगीला तर नाहीच.

घरात अकरा माणसं आणि प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं तर ११० भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच दिलं तर अकरा. पण डब्यात चिठ्ठ्या टाकून उचलू नका. कुणातरी एकाला स्वतःचीच चिठ्ठी येण्याची शक्यता जवळपास ६३ टक्के असते आणि मग सगळं पुन्हा. त्यापेक्षा एकाने कागदावर नावं गोलात लिहायची, नवरा-बायको शेजारी येणार नाहीत अशी, आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याला द्यायचं. रकमेला वरची मर्यादा सगळे ठेवतात, खालचीही ठेवा: ८०० ते १,०००. आणि प्रत्येकाकडून एक ओळ लिहून घ्या, 'हे मात्र नको'. त्या ओळीने फोटोफ्रेम, सुगंधी मेणबत्त्या आणि कॉफीचे मग आपोआप गळतात. बारा वर्षांखालच्या मुलांना यातून वगळा, त्यांना चिठ्ठीचा तर्क पटत नाही, आणि का पटावा.

तिसरी घंटा

दिवाळी अंकांचं चक्र. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली परंपरा आहे, आणि हल्ली एका घराला पाच-सहा अंक घेणं खिशाला जड जातं. बारा घरांनी एकेक वेगळा अंक घ्यायचा. विक्रेते संचावर सवलत देतात, म्हणून बाराही एकदम मागवा. प्रत्येक अंक एका घरी दहा दिवस. १, ११ आणि २१ तारखेला संध्याकाळी पुढच्या घरी. १२० दिवसांत चक्र पूर्ण होतं, म्हणजे होळीच्या आधी.

अंकाला खाकी कव्हर घाला आणि आतल्या बाजूला घरांच्या क्रमांकांचा कागद चिकटवा. स्टेपल करू नका, जाड अंकाची शिवण उसवते. चक्र अडतं ते एकाच कारणाने: एका घरी अंक साचतात आणि पुढची सगळी घरं रिकामी बसतात. म्हणून नियम असा की वाचून झालेला असो-नसो, तारखेला अंक पुढे जाणार. राहिलेला शेवटी परत मिळेल. काही अंक दिवाळी उलटल्यावर बाजारात येतात, त्यांची वाट बघत थांबू नका. चक्र संपलं की सगळा गठ्ठा एखाद्या ग्रंथालयाला विचारून द्या. आणि ज्याला एकट्याने वाचायचं आहे त्याला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची वर्षाची वर्गणी भरून देणं हीसुद्धा भेटच. १८९३ पासूनची संस्था आहे.

सेक्टर सतरा

दर दहा दिवसांनी म्हणता, मग ३१ तारखेचं काय? आणि आमच्याकडे चौदा घरं तयार आहेत.

तिसरी घंटा

३१ ला काही हलवायचं नाही, जाड अंकवाल्याला एक दिवस फुकट. चौदा घरांचं एक चक्र करू नका, १४० दिवस लागतात, होळी ओलांडते आणि परीक्षांत कोणी दार उघडत नाही. सात-सातची दोन चक्रं करा, अंक चौदा वेगवेगळे. सत्तर दिवसांनी दोन्ही गठ्ठ्यांची अदलाबदल. ज्यांचा उत्साह तोवर टिकला असेल तेच दुसऱ्या फेरीत.